यजमानांच्या अंगात पाहुणा

"मी जुना झालो, हे तू लोकांला फोन करून सांगतीस?"

"तुम्ही नाही हो. यजमान."

"मग या घरात यजमान कोण हाय?"

"कंप्युटर."

"आन् पाव्हणा?"

"तोही कंप्युटरच."

संपतरावांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. इतका वेळ त्यांना नुसता राग आला होता, आता काळजी वाटायला लागली. मघाशी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांची बायको नीरजा कुणाला तरी फोनवर सांगत होती, की यजमान फार जुने आहेत, नवीन काही त्यांना झेपत नाही, म्हणून त्यांच्या आतच एक पाहुणा बसवलाय आणि यजमानांची अर्धी मेमरी पाहुण्याला देऊन टाकलीय. वर ती हसलीसुद्धा होती.

"अर्धी मेमरी दिली म्हनं," ते म्हणाले. "मला इचारलं का?"

"विचारलं असतं तर लक्षात राहिलं असतं का?" असं म्हणून नीरजाताईंनी त्यांना आमटी वाढली.

मांजरी गावात, घराच्या पुढच्या खोलीत, नीरजाताई बायकांचा कंप्युटर क्लास चालवतात. माहेर खडकीचं, वडील दारूगोळा कारखान्यात. त्या घरात बिघडलेली वस्तू टाकून देणं हा आळस समजला जाई; आधी ती उघडून बघायची, मग तिच्याशी भांडायचं, आणि मगच काय ते ठरवायचं. लग्न होऊन त्या ऊस पिकवणाऱ्या घरात आल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी सासरची पाण्याची मोटर उघडली होती. मोटर चालू झाली, पण सासरचे बरेच दिवस बंद होते.

क्लासमध्ये त्यांचा एकच हट्ट, शिकवायचं ते मराठीतून. बाई इंग्रजी शब्दाशी अडली की दुसऱ्या दिवशी येत नाही, हे त्यांनी पाहिलेलं. म्हणून त्यांच्याकडे फोल्डर म्हणजे फडताळ, पासवर्ड म्हणजे किल्ली, माउस म्हणजे उंदीर, आणि अडकलेला कंप्युटर म्हणजे रुसलेला. त्याच हट्टापायी परवा होस्टचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनचा, यजमान झाला आणि त्याच्या आत चालणाऱ्या गेस्टचा पाहुणा. मात्र यजमान हा शब्द तोंडात आला की मराठी बाईची जीभ आपोआप पदर सावरते. 'यजमान जुना आहे' असं नीरजाताईंना म्हणताच येईना. दर वेळी 'यजमान जुने आहेत' असंच निघे. आणि हे घरचे यजमान नेमके दाराआड भाकरी खात बसलेले.

पाहुणा आणायची वेळ आली ती परीक्षेमुळे. ज्या संस्थेची परीक्षा क्लासच्या बायका देतात, तिचा नवा प्रोग्रॅम फक्त नव्या विंडोजवर चालतो. तो चालला नाही तर मांजरीचं केंद्र बंद, परीक्षेला शहरात जायचं. आता यातल्या निम्म्या बायका घरी 'शेजारी जाऊन येते' एवढंच सांगून यायच्या. शेजारी म्हणून निघालेली बाई बस बदलून शहरात कशी पोचणार? केंद्र गेलं की या निम्म्या गेल्याच.

क्लासचा कंप्युटर म्हणजे नीरजाताईंच्या भावाच्या ऑफिसनं निवृत्त केलेला. त्यात नवी विंडोज घालायला गेल्या, तर पडद्यावर पाटी आली: हा संगणक पात्र नाही. सूर अगदी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या दुकानदाराचा. नीरजाताईंनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "तुला विचारलंय कुणी?"

मग त्यांनी जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स बसवलं, कारण ते कुणाचं वय विचारत नाही. आणि लिनक्सच्या आत एक नाटकातला कंप्युटर उभा केला. नव्या विंडोजला सुरक्षेची चिप हवी ना? ही घे, सॉफ्टवेअरची. रंगमंचावरचा जिना पुठ्ठ्याचा असला तरी नट त्यावरून चढून जातोच. विंडोज त्या सेटवर आली, इकडेतिकडे बघितलं, आणि आपण नव्या बंगल्यात आहोत अशा समजुतीनं चालू झाली. नीरजाताई त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरल्या. खुर्ची फिरती नव्हती, तिचा एक पाय कायमचा सैल झाला.

हे सगळं नवऱ्याला सांगता सांगता आमटी निवली. शेवटी सासूबाईच मध्ये पडल्या. तुळजाबाई या क्लासच्या सगळ्यात नियमित विद्यार्थिनी. बाकीच्यांना निदान घरून यावं लागतं.

"आरं संपत, अंगात येतं तसं हाय ते," त्या म्हणाल्या. "बाई आपली जुनीच. पर घुमाया लागली की बोलती देवी."

संपतराव विचारात पडले. "आन् उतरतं कवा?"

"बंद केलं की," नीरजाताई म्हणाल्या. "अर्धी मेमरीसुद्धा परत मिळते."

ते जेवून उठले. पटलं, असं मात्र म्हणाले नाहीत.

शुक्रवारी संस्थेकडून उत्तरेश्वर नावाचा तरुण केंद्र तपासायला आला. फोनवर नीरजाताई बोलल्या त्या याच्याशीच. बायका सतरंजीवर इतक्या गप्प बसल्या होत्या, की मुलगी बघायला आल्यासारखं त्यालाच अवघडलं. नमुन्याची परीक्षा द्यायला तुळजाबाई त्या सैल पायाच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न सोडवला, दुसरा सोडवला. तिसऱ्याला उंदीर जागच्या जागी थिजला आणि पडद्यावर चकती फिरायला लागली.

"मॅडम," उत्तरेश्वर म्हणाला, "पाहुण्यांना काय झालं?"

"पाहुणा ठीक आहे. यजमानांकडे काहीतरी चाललंय."

तेवढ्यात टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून निवेदकाचा आवाज फुटला, "भिर्रर्र... झाली रे झाली!" आणि मागोमाग बैलांच्या घुंगरांचा कल्लोळ. सतरंजीवरची पहिली बाई हसली, मग दुसरी, मग कुणालाच आवरेना. नीरजाताईंनी पाहुण्याची खिडकी बाजूला सारली. मागे, यजमानांच्या वाट्याला उरलेल्या अर्ध्या मेमरीत, बैलगाडा शर्यतीचे एक सोडून चार घाट, म्हणजे चार शर्यतींचे व्हिडिओ, उघडे होते. एक संपला की पुढचा आपोआप सुरू होत होता.

संपतराव दारात उभे होते. "अर्धी माझी होती ना?" ते म्हणाले.

हसणाऱ्या बायका थांबल्या. नीरजाताईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते त्यांनी गिळलं.

"अहो, पाहुण्याला आतून काहीच करता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "यजमानांनी आवरलं, तरच त्याचं चालतं."

संपतराव पुढे झाले. गाड्याचे बैल सोडावेत तसे त्यांनी चारही घाट एकेक करून बंद केले. चकती थांबली. तुळजाबाईंनी उरलेले प्रश्न सोडवले, एका उत्तरावर उगीच दोनदा टिचकी मारली, आणि पेपर जमा झाल्याची हिरवी पाटी आली.

उत्तरेश्वरनं मशीनच्या मागे वाकून बघितलं, पुढून बघितलं. प्रोग्रॅम चालतो की नाही एवढंच मला बघायचंय, तो म्हणाला, आणि प्रोग्रॅम चालतो. मशीन एकच असलं तरी हरकत नाही, बायकांनी दिवसभर एकामागून एक बसावं. अट एकच, परीक्षेच्या दिवशी या मशीनवर दुसरं काहीही चालता कामा नये. तेवढं घरातून कबूल असेल तर केंद्र इथंच राहील.

"कधी आहे परीक्षा?" नीरजाताईंनी विचारलं.

"येत्या रविवारी."

रविवारी मोठ्या घाटाची शर्यत याच मशीनवर थेट दिसणार, हे संपतरावांनी आठवडाभर अख्ख्या आळीला सांगितलं होतं. उत्तरेश्वरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं सरळ त्यांच्याकडेच बघून विचारलं, "मग काका, कबूल?"

सतरंजीवरच्या सगळ्या माना वळल्या.

संपतरावांनी टेबलाजवळ येऊन स्पीकरची वायर उपटली. बोटांवर नीट गुंडाळली. स्पीकर काखेत मारला, आणि रविवारचं रद्द झाल्याचं आळीला सांगायला बाहेर निघून गेले.