बार्न क्विल्टचा दोर

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी धडधड थांबत नाहीये.

इथे मिनेसोटात शेतकरी आपल्या बार्नच्या, म्हणजे गोठा-कोठाराच्या, भिंतीवर गोधडीच्या नक्षीचा मोठा रंगवलेला लाकडी चौकोन लावतात. त्याला बार्न क्विल्ट म्हणतात. ओळखीच्या डोरीन आजींच्या बार्नसाठी मी एक केला. टेप लावून एकेक त्रिकोण रंगवला. तीन आठवडे लागले. नक्षी माझ्या आईच्या गोधडीची.

आज दुपारी आम्ही तो भिंतीवर चढवत होतो. माझा नवरा समीर स्क्रू मारायला शिडीवर, चांगला वीस फूट उंच. क्विल्टची ती फळी वरच्या कप्पीवरून दोराने ओढलेली आणि दोराचं टोक खाली माझ्या हातात.

एकदम वारा सुटला. फळी फिरली आणि शिडीला भिंतीपासून दूर ढकलायला लागली.

"मीना, सोड! दोर सोड!" समीर ओरडला. डोरीन आजीही ओरडत होत्या, "लेट गो, हनी!"

मला सगळं ऐकू येत होतं. तरी मी सोडला नाही. फळी पडली तर फुटेल, एवढंच डोक्यात होतं.

मग शिडीचा एक पाय जमिनीवरून उचललेला दिसला आणि मी दोर सोडला.

फळी कोसळून कोपरा फुटला. शिडी परत भिंतीला टेकली. समीर खाली उतरला तेव्हा पांढराफटक पडला होता. गाडीत एवढंच म्हणाला, "एवढा वेळ का लावलास गं?"



दोन-तीन सेकंदच असतील. पण त्या सेकंदांतल्या मीनाची मला भीती वाटतेय. तुमच्यापैकी कोणाला कधी स्वतःचीच अशी भीती वाटलीय का? घरच्यांना काय सांगितलंत?