मिलिंदची मचूळ गाणी

नववीच्या वार्षिक परीक्षेचे गणिताचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा रंजनावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. मिलिंद नागावातल्या एका वाडीत विहिरीवरचा पंप दुरुस्त करत होता. छातीत दुखू लागलं आणि अलिबागला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्याला आता दोन महिने होतील. त्याआधी सात-आठ महिने आमचं बोलणं बंद होतं, आणि ते मीच बंद केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मिलिंद पालीजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील जयंतीला गायन पार्टीत पेटी वाजवायचे. हा आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला आणि नागावात माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहू लागला. एकदा एका होमस्टेमध्ये गीझर बसवायला गेला असताना तिथल्या पाहुण्याच्या स्पीकरवर त्यानं पहिल्यांदा ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं, ऐकलं. काम संपलं तरी पक्कड हातात धरून दाराशी उभाच राहिला म्हणे. मी कॉलेजात बास गिटार वाजवायचो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "तो माणूस तीच ओळ दोनदा का म्हणतो?" चार दिवसांनी त्यालाच उत्तर सापडलं. "दुःख एकदा सांगून ऐकू जात नाही, म्हणून."

त्यानंतर त्यानं जुनी गिटार घेतली, आणि पुढची वीसेक वर्षं आम्ही दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या होमस्टेच्या अंगणात वाजवत राहिलो. पाहुणे सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश करायचे. मिलिंद हसून मान डोलवायचा आणि पुन्हा ब्लूजच सुरू करायचा. त्याच्या या हट्टाचा मला अभिमान वाटायचा, अगदी तो माझाच असल्यासारखा.

गेल्या वर्षी त्यानं स्वतःच्या मराठी गाण्यांचा अल्बम करायला घेतला. खोलीच्या भिंतींना गाद्या लावून आम्ही पाच गाणी रेकॉर्ड केली. सगळी अस्सल ब्लूज. मग भाताच्या आवणीच्या दिवसांत तो आठवडाभर गावी गेला आणि येताना आणखी चार गाणी घेऊन आला. शब्द तसेच दुखरे, पण मध्येच सोपं, टाळी मागणारं पॉपचं धृपद. पहिलंच ऐकून मी गिटार खाली ठेवली.

"हे जाहिरातीतलं वाटतंय," मी म्हणालो.

"वाटू दे. तू वाजव तर. का ते नंतर सांगतो."

"लोकांना खूशच करायचं असेल तर मी कशाला हवा?"

तो वायर गुंडाळत राहिला. त्या चार गाण्यांवर शेवटी मुरुडच्या एका मुलानं बास वाजवला. अल्बम इंटरनेटवर आला. नाव 'मचूळ'. समुद्राजवळच्या विहिरीत गोड्या पाण्यात खारं शिरलं की आपण म्हणतो ते मचूळ. मला वाटलं, त्यानं स्वतःच कबुली दिली. मी माझी पाच गाणी ऐकली, उरलेली चार ऐकलीही नाहीत.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच्या गावी गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. पडवीत बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली त्याची आत्या, सोनाबाई, काहीतरी गुणगुणू लागली, आणि बाकीच्यांनी ते हळूहळू उचललं. 'सांग गं बाई सांग मला, झरा कुणाचा आटला...' मी चमकलो. ज्या धृपदावरून मी गिटार खाली ठेवली होती, तेच हे.

"आत्या, हे तुम्हाला कसं येतं?"

"कसं म्हंजे? आमीच तर बसवलंय," ती म्हणाली. "आवनी चालू व्हती. ह्यो बांधावर बसून गिटार वाजवीत व्हता. आमी ऐकून घेतलं. मंग मी म्हनलं, बाबा, गातोस ब्येस, पन येकटाच रडतोस. आमी कुठं धरायचं?"

दुसऱ्या दिवशी तो एक छोटी ओळ घेऊन बांधावर आला. बायका अडल्या की त्यानं ती बदलायची, त्यांनी पुन्हा म्हणायची. आठवडाभर हेच चाललं. "आमाला जमंल तेवढंच ठेवलंन," आत्या म्हणाली.

कुणाला खूश करायचं, हा त्याच्यापुढे प्रश्नच नव्हता. मी त्याला ते सांगूही दिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन चारही गाणी ऐकली... आणि मग पुन्हा ऐकली. माझ्या जागी त्या मुरुडच्या मुलानं फार चांगलं वाजवलंय.

गेल्या आठवड्यात रंजनावहिनींनी मिलिंदची गाण्यांची वही माझ्या हातात दिली. त्या चार गाण्यांच्या समासात पेन्सिलीनं बारीक खुणा आहेत, आणि एका ओळीपुढे लिहिलंय, 'इथे थांबणे. आत्याला श्वास पुरत नाही.' पुढच्या महिन्यात आवणी आहे. आत्यानं बोलावलंय, "गिटार घेऊनच या, गुरुजी." म्हणून रोज शाळेतून आलो की वही समोर उघडून बास वाजवत बसतो. त्या ओळीशी पोचलो की तारेवर बोट टेकवून आवाज बंद करतो, म्हाताऱ्या बाईला श्वास घ्यायला लागेल तेवढा वेळ थांबतो, आणि मग पुढे जातो.