जनसुनावणीत आबांचा नंबर

आमच्या शिवारालगत अणुवीज प्रकल्प येणार म्हणून जनसुनावणी लागली, तीही ऐन लगीनसराईत, इंदापूरच्या मंगल कार्यालयात. मी बारामतीहून रजा टाकून आलो. माझ्या वडिलांचा, आबांचा, एकच प्रश्न होता. नीरा नदीवरून आमच्या डाळिंबाच्या बागेला येणारी पाइपलाइन प्रकल्पाच्या कुंपणात जाणार, मग बागेला पाणी कुठून? आठवडाभर म्हशीपुढे उभं राहून त्यांनी तो पाठ केला होता.

जेवणवेळ टळून गेली तरी एक साहेब किरणोत्सर्गच समजावत होते. केळ्यातही किरणं असतात म्हणे. केळी पिकवणाऱ्यांना हे सांगायला पुण्याहून गाडी करून यायचं! आबांनी हात वर केला की उत्तर ठरलेलं, "तुमचा नंबर येईल, आजोबा." पुढाऱ्यांचे नंबर मात्र न मागता येत होते, आणि ते प्रश्नांच्या नावाखाली एकमेकांचे आभार मानत होते. माझं डोकं तापलं होतं.

शेवटी साहेबांनी कामकाजाचा गोषवारा घाईघाईने वाचला. "पाण्याबाबत कोणाचीही हरकत नाही," हे ऐकून मी उठतोय तोवर त्यांनी विचारलंही, "बरोबर आहे ना?"

आमच्या लोकांची हयात साखर कारखान्याच्या वार्षिक सभांत गेलेली. तिथे वरून वाचणं थांबलं की खालून "मंजूर" म्हणायचं. विषय काय होता, ते सभासदाची साखर घेऊन घरी गेल्यावर बघायचं. अख्खं कार्यालय गरजलं, "मंजूर! मंजूर!" सगळ्यात खणखणीत आवाज माझ्या शेजारून आला. आबांचा.

साहेबांनी माइक बंद केला. मी ओरडत राहिलो, पण खुर्च्यांच्या खडखडाटात कोण ऐकतंय! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

आबा मात्र जागचे हलेनात. "बस की. आपला नंबर यायचा हाय अजून."

"आबा, संपली सुनावणी. पाण्याबद्दल कुणाची हरकत न्हाय, असं लिवून घेतलं त्यांनी."

"आन् असं सांगितलं कुणी त्यास्नी?" आबा ताडकन उठले. "बागंत राबतोय मी, आन् मंजुरी देणारा ह्यो कोण? दाखव मला."

मी त्यांच्याकडेच बोट केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग रिकाम्या व्यासपीठाकडे, आणि मटकन खाली बसले.