साडूंनी वेबसाइट हलवली

आमच्या साडूंच्या तावडीतून चहा न पिता सुटलेला एक माणूस अख्ख्या पारनेर तालुक्यात दाखवा, मी त्याची उंटावरून मिरवणूक काढतो. सुप्याला एमआयडीसीत नोकरी, घरामागं शेळ्या, आणि दारावरून जाणारा प्रत्येक जण आपलाच पाहुणा असा पक्का समज. एकदा पुण्याचा रस्ता विचारायला थांबलेला टेम्पोवाला त्यांच्याकडं चहा पिऊन, जेवून, वामकुक्षी आटोपून निघाला. तोवर त्याचे हिरवे टोमॅटो टेम्पोतच लालबुंद झाले होते. साडू म्हणाले, "बघा, आमच्या दारात मालाला रंग चढला."

तर या गृहस्थांची शेळीपालनाची वेबसाइट आहे. बोकडाची निवड, करडांची हगवण, चाऱ्याची तजवीज, सगळं स्वतः लिहिलेलं. गूगलवर 'शेळी फुगली' एवढं टाकलं की पहिलं त्यांचंच पान यायचं. हा पहिला नंबर त्यांना पोटच्या लेकरासारखा. लग्नात भेटलेल्या माणसाला त्याच्याच मोबाईलवर तो शोधून दाखवल्याशिवाय ते अक्षता टाकू द्यायचे नाहीत.

पण वेबसाइटच्या पत्त्यात 'पारनेर' होतं आणि त्यामुळं लांबची माणसं बिचकतात, असं त्यांनी मनाशी घेतलं. "शेळी काय तालुका बघून फुगती का?" म्हणत महाराष्ट्राच्या नावाचा नवा पत्ता घेतला. जुन्या पत्त्यावर आलेल्यांना नीट वळवा, नाहीतर नंबर जाईल, असं मी बजावलं. "पाव्हणं, मला मानसं वळवायला शिकवता व्हय?"

त्यांनी सगळी पानं नव्या जागी नेली, गूगलला पत्ता बदलल्याची वर्दी दिली, वर सत्यनारायणही घातला. आणि वळवलं कसं? जुन्या कुठल्याही पानावर आलेला माणूस थेट नव्या वेबसाइटच्या दारात, म्हणजे मुखपृष्ठावर. तिथं फोटोत फेटा बांधलेले साडू हात जोडून उभे, खाली 'यावं, बसावं' आणि फोन नंबर. आल्या माणसाला आधी ओसरीवर बसवायचं, ख्यालीखुशाली विचारायची, मग काम. रीत म्हणजे रीत.

पण गूगलला चहापाण्याची रीत ठाऊक नसावी. काही आठवड्यांत 'शेळी फुगली'चा पहिला नंबर असा घरंगळला, की तो शोधायला विहिरीत उतरल्यासारखं खाली खाली जावं लागे. साडूंचं जेवण तुटलं. मी समजूत घालायला गेलो होतो, तेवढ्यात अकोल्याकडच्या एका बाईंचा फोन आला. "दादा, शेळी फुगलीया, अन् मोबाईलमदी निस्ता तुमचा फेटा दिसतोय."

"ताई, पुढचे पाय उंचवट्यावर ठिवा, डावी कूस चोळत ऱ्हावा, अन् डॉक्टरला बलवा." शेळी वाचली. पण आतून आमची मेहुणी म्हणालीच, "शेळी मरायला टेकली तरी तुमी बसवा लोकांना ओसरीवर."

त्या दिवसापासून साडू ड्युटीवरून आले की एकेक जुनं पान त्याच्या त्याच्या नव्या पानाकडं वळवत बसले. पानं मूठभर नव्हती, बराच काळ गेला. तोवर ज्यांना पान सापडेना, ते सगळे फोन करू लागले. लातूर काय, गडचिरोली काय. साडू अंगणातल्या कट्ट्यावर बसून शेळीचं सांगून झालं की पाऊसपाणी विचारायचे, कुणाची पोरगी कुठं दिली ते विचारायचे. नंबर गेलेला माणूस इतका टवटवीत मी कधी पाहिला नव्हता.

मग नंबर परत आला. पहिला. परवा गेलो तर साडू त्याच कट्ट्यावर, फोन शेजारी उताणा.

"काय म्हणतोय नंबर?"

"पयलाच हाय. समद्यांना बरोबर घावतंय आता." आणि फोनवरची नसलेली धूळ त्यांनी टॉवेलनं पुसली.

नगरला घरी पोचल्यावर मी त्यांना फोन लावला. म्हटलं, "शेळी फुगलीय."

"कुनाची?"

"आमची."

"पाव्हणं, तुमी तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाता."

"तरी फुगलीय."

 पलीकडं कट्ट्यावर मांडी ठोकून बसल्याचा आवाज आला आणि साडूंनी घसा खाकरला.

"रवंथ करती का?"