पिल्लाच्या गळ्यातला लाल धागा

रस्त्यात उतारा पडलेला दिसला तर त्यातला नारळ चांगला आहे का ते बघणारी बाई मी! भुताखेतांचं मला सांगू नका. तरी हे लिहितेय, कारण माझा संशय कुणावरच टिकत नाहीये...

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मुलगा नोकरीला बाहेरगावी, घरात मी आणि सून सुप्रिया. शेजारी नरसक्का, यंत्रमागावर कामाला जाते.

गेल्या उन्हाळ्यात नव्या पेठेतल्या एका दुकानाच्या जिन्याखालून मी मांजराचं पिल्लू आणलं. पांढरं, लई भित्रं. आल्या आल्या कपाटामागे घुसलं ते घुसलंच. आम्ही खोलीबाहेर गेलो की दूध प्यायचं. सुप्रियानं हात पुढे केला तर असं ओरबाडलं, की तिला इंजेक्शन घ्यावं लागलं.

आणि एका सकाळी बघते तर त्याच्या गळ्यात लाल धागा! केसांत रुतलेला.

"तू बांधलास का गं?"

"मी? मला परत इंजेक्शन घ्यायची हौस आहे का, आई?"

तिनं मोबाईलवर लांबूनच फोटो काढला. बारीकशी गाठ, टोकं अगदी जवळून कापलेली. नरसक्काला दाखवला.

"ही मागावरची गाठ हाय की काकू! तुटलेला धागा जोडतो तशी."

"मग तूच मारलीस की!"

"मी कशाला? मला बघितलं की पळतंय ते. हात बघा माझे, एक तरी ओरखडा हाय का?"

नव्हता. पण एवढ्या पटकन ओळखली म्हणजे... त्या दिवसापासून मी खिडकी लावून घ्यायला लागले.

खरी काळजी वेगळीच होती. पिल्लू वाढणार, धागा थोडाच वाढतो? गळा आवळला तर? डॉक्टरकडे न्यावं तर पकडणार कोण? त्यानंच मला जवळ येऊ दिलं पाहिजे. मग रोज दुपारी कपाटाकडे पाठ करून मी शेंगा सोलत बसायला लागले. मोठ्यानं काहीबाही बोलायचं — भाजीचे भाव, नणंदेची गाऱ्हाणी... पण त्याच्याकडे बघायचं नाही. आधी नुसतं नाक बाहेर आलं. मग पदराचा वास घेऊन झाला. मग टरफलांशी खेळ. पावसाळा सरत आला तेव्हा ते आपणहून मांडीवर चढलं आणि घुर्र घुर्र करायला लागलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! तोवर ते चांगलं दुप्पट झालं होतं.

हळूच कात्री घेतली. भीत भीत धाग्याखाली बोट सारलं... तर बोट आरामात गेलं!

सुप्रियानं जुना फोटो काढला. तोच रंग, तशीच एकच गाठ. पण धागा लांब. म्हणजे कुणीतरी जुना काढून नवा, मोठा बांधत होतं. बंद खिडकीच्या घरात!

"सुप्रिया, खरं सांग."

"आई, मला तर ते अजून हातसुद्धा लावू देत नाही..."

धागा मी कापला. मांजर माझं आहे. कुणी गुपचूप येऊन त्याचे लाड केलेले मला चालायचे नाहीत, मग तो कुणीही असो.

आता ते घरभर हुंदडतं, पाहुण्यांच्या पायातसुद्धा येतं. धागा पुन्हा दिसला नाही. पण एखाद्या दुपारी मांडीवरून उठून ते कपाटामागे जातं, आणि तिथून घुर्र घुर्र ऐकू येतं... मान खाजवली की करतं ना, तसंच. कपाट ओढून बघितलंय मी. मागे नुसती भिंत आहे.

तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा. मला नाही सुचत.