तेरिओचं अजून पिकायचंय

आमच्या सांता क्लारात नोकरी सोडायची गोष्ट कुणी काढली, की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "तुझे पिकले का सगळे?" पगाराच्या जोडीला कंपनी स्वतःचे शेअर देते, पण लगेच हातात नाही. चार वर्षांत, थोडे थोडे. मधेच गेलात तर उरलेले बुडाले. हातात येण्याला पिकणं हा आमचा शब्द, आणि तो आणला तेरिओनं.

संगणकाच्या चिपा तपासायच्या यंत्रांवर तो माझ्या शेजारच्याच टेबलाला असायचा. फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. डब्यातला अर्धा भात दुसऱ्याच्या ताटात वाढणारा, हसरा आणि महाभित्रा! आईला एकदा फोनवर म्हणाला, "नानाय, माझे शेअर अजून पिकायचेत." झालं! म्हातारीनं गावभर सांगितलं, माझ्या लेकाची अमेरिकेत आंब्याची बाग आहे. आम्ही हसून हसून बेजार. त्यानं मात्र तिला कधी खरं सांगितलं नाही.

मग आई विसरायला लागली. बहीण नेनिता फोनवर कडाडली, "दादा, आज तिनं मला शेजारीण समजून चहा विचारला. तुझं नाव तेवढं अजून घेते. आत्ता ये. नंतर येऊन काय करणार आहेस, माझं डोकं?"

आता लांब रजा म्हणजे बिनपगारी, आणि आमच्याकडे बिनपगारी रजेत शेअर पिकायचे थांबतात.

"फेब्रुवारीचे हातात पडू देत, की निघालोच," तेरिओ म्हणाला.

"अरे, आईचं डोकं फेब्रुवारीसाठी थांबणार आहे का?"

"विजू, तिची औषधं, नेनिताचं घर, सगळं यातूनच चालतं ना?"

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर माझं डोकं फिरायचं.

फेब्रुवारीत पिकले. त्याच आठवड्यात आमच्या साहेबीण व्हिटलॉकबाईंनी त्याला आत बोलावलं, तोंडभर कौतुक केलं आणि नवे शेअर दिले. त्यातला पहिला वाटा ऑगस्टात. बाहेर आला तो माझी नजर चुकवतच.

"एवढा एकच, विजू. सगळ्यांना नाही मिळत."

"मूर्खा, दरवर्षी देतील! तू जाऊ नयेस म्हणूनच देतात, कळत कसं नाही तुला?"

तो यंत्राचं स्वच्छ झाकण पुन्हा पुसत बसला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ऑगस्टात मात्र तो खरंच गेला. पोचल्यावर त्याचा फोन आला.

"आई कशी आहे रे?"

बरी आहे म्हणाला. अंगणात बसली होती. त्याला पाहून उठली, खुर्ची पुढे केली, अहो-जाहो करत कुठून आलात म्हणून विचारलं. अमेरिकेतून म्हटल्यावर तिला कोण आनंद!

"म्हणाली, परत गेलात की माझ्या तेरिओला भेटाल का हो? त्याला सांगा, आई रागावलेली नाही. काम संपलं की ये म्हणावं."

"मग तू काय म्हणालास?"

"सांगतो म्हटलं."