एका रायफलीची दोन मापं

मी चाळिशी ओलांडल्यावर नेमबाजी सुरू केली. ऑफिसच्या क्रीडा सप्ताहात कॅरमला नाव द्यायला गेले, तर कॅरमची यादी भरलेली होती आणि नेमबाजीच्या यादीत कुणीच नव्हतं. दादरच्या एका शाळेच्या तळमजल्यावर आम्हाला नेलं, हातात एअर रायफल दिली आणि दहा मीटरवरचा कागद दाखवला. मी दहा छर्रे मारले. तिथले सर कागद बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हलता येत नाही की काय?" ही स्तुती होती हे मला घरी पोचल्यावर कळलं.

वर्षभर रेंजवरची रायफल वापरली. मग एक मुलगी शिकायला परदेशी निघाली होती, तिची जुनी रायफल मी घेतली. लालबागच्या आमच्या घरात ती कपाटावर, गणपतीच्या मखराच्या बाजूला राहायला लागली. नवऱ्याने एकदा मान वर करून "भरलेली नाही ना?" एवढं विचारलं आणि त्याच्यापुरता विषय संपवला.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. सासरे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर शिवडीच्या एका वर्कशॉपमध्ये साठी उलटेपर्यंत त्यांनी काम केलं. सासूबाईंच्या नंतर ते खिडकीत बसायचे आणि समोरच्या टॉवरची लिफ्ट वरखाली होताना बघायचे. दोन महिने हेच. एका रविवारी मी रायफलीची पेटी उतरवत होते, तर ते उठले, पेटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "जड आसा. मी येतंय."

रेंजवर ते तासभर मागच्या बाकावर बसले. मग मी विश्रांतीला थांबले तेव्हा उठून जवळ आले. माझ्या नेमाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. रायफलीला किती स्क्रू आहेत ते त्यांनी मोजलं होतं.

"ह्या सगळा हलता?"

"हलतं, बाबा. खांद्याला टेकते ती पट्टी वरखाली होते, मागेपुढे होते. गालाखालचा तुकडा उचलता येतो. ही नेम धरायची मागची साइट चकतीने फिरते. ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे लावायचं असतं."

"मगे माझ्या अंगाप्रमाणे लाव बघूया."

मी जेमतेम पाच फूट. ते वाकलेल्या पाठीसकट पाच फूट दहा इंच. सगळं हलवायला पाऊण तास गेला. त्यांनी पाच छर्रे मारले, त्यातले दोन कागदाला लागले. सरांनी वय विचारलं. "एकाहत्तर," बाबा म्हणाले, आणि स्क्रू फिरवायची एलन की परत मागितली, कारण खांद्याची पट्टी त्यांच्या मते अजून दोन मिलिमीटर खाली हवी होती.

त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं जायला लागलो. आधी मी तासभर मारायचे, मग वीस मिनिटं स्क्रू फिरवायचे, मग बाबा तासभर मारायचे, आणि निघताना पुन्हा वीस मिनिटं स्क्रू फिरवून रायफल माझ्या मापाची करून ठेवायची. ही शेवटची वीस मिनिटं त्यांचा आग्रह होता. ज्याचं मशीन त्याला जसं होतं तसं परत द्यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. माझी मापं त्यांनी लाल नेलपॉलिशने आखली, स्वतःची पांढऱ्या रंगाने. साइट किती खटके फिरवायची ते एका वहीत लिहिलं. वहीच्या कव्हरवर 'सून' आणि 'मी' असे दोन शब्द होते आणि मधोमध उभी रेघ.

सहा महिन्यांनी मी म्हटलं, "बाबा, अजून एक रायफल घेऊया का? जुनीच बघू."

"कित्याक?"

"दोघांना एकदम मारता येईल. आपली चाळीस मिनिटं स्क्रू फिरवण्यात जातात."

"त्याच चाळीस मिनिटांत काय ता शिकूचा असता. एक मशीन धड लावता येत नाय तो दोन घेऊन काय करतलो?"

ते 'तो' म्हणाले, पण बघत माझ्याकडेच होते. मी दर दोनेक महिन्यांनी हा विषय काढायचे. उत्तर तेच यायचं. कधी वर "ठेवशीत खय?" अशी पुरवणी असायची. कपाटावर खरंच जागा नव्हती.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हा दोघांची नावं एका छोट्या स्पर्धेत दिली. शीवला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. माझी फेरी सकाळची आणि ज्येष्ठांची तिच्या लगेच नंतर, मध्ये पंधरा मिनिटं. सरांनी विचारलं, "जमेल ना? नाहीतर रेंजची एक रायफल आजोबांसाठी नेऊ."

बाबांना हा अपमान वाटला. त्या दिवसापासून संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. नवरा मोबाइलवर वेळ लावायचा. मी गालाचा तुकडा आणि पट्टी बघायचे, बाबा साइट आणि नळीच्या पुढचं वजन. पहिल्या दिवशी सोळा मिनिटं लागली. पंधरवड्यात आम्ही साडेसहावर आलो. "गिरणीत पाळी बदलताना आम्ही मशिनींचा अख्खा खातां ह्याच्यापेक्षा लवकर लावायचो," बाबा म्हणाले, पण खूश होते. त्या दिवसांत आमच्याकडे जेवायला साडेनऊ वाजायचे, कारण टेबल मोकळं नसायचं.

स्पर्धेच्या दिवशी माझं बरं झालं. सव्वीस बायकांत नववी आले. फेरी संपल्यावर बाबा बाकाजवळ तयारच उभे होते. आम्ही एक शब्दही न बोलता सगळं बदललं. लाल खुणांवरून पांढऱ्या खुणांवर, सहा मिनिटांत. एक स्क्रू पडला नाही, एक खटका चुकला नाही. शेजारचे एक गृहस्थ त्यांचा डबा उघडा ठेवून आमच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या सकाळी आम्ही सगळ्यात चांगली गोष्ट केली ती हीच.

मग बाबांची फेरी सुरू झाली. पहिला छर्रा कागदाच्या कडेला लागला. दुसरा कुठे लागला ते दिसलं नाही. चौथ्यानंतर पंचांनी हात वर केला, जवळ येऊन वाकून म्हणाले, "आजोबा, तुम्ही शेजारच्या टार्गेटवर मारताय."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा नेम धरला. सातवा छर्राही शेजारी गेला. तेव्हा त्यांनी रायफल स्टँडवर ठेवली, लीव्हर उघडा करून आत छर्रा नाही हे पंचांना दाखवलं आणि मागे येऊन बाकावर बसले. फेरीतले बाकीचे म्हातारे मारत होते. आम्ही दोघं ती संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो, कारण तोवर पेटी हलवायला परवानगी नव्हती.

टॅक्सीत मी बोलायला लागले. "माझ्याकडून पट्टी चुकली असणार. गालाचा तुकडा एक रेघ वर राहिला वाटतं."

"सेटिंग बरोबर होता," बाबा म्हणाले.

पुढच्या सिग्नलला ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मधलो काळो गोळो माका दिसना नाय. आजूबाजूचा दिसता. मधला नाय."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"यंदाच्या?"

"गेल्या."

मग मला वहीतली पानं आठवली. वर्षभर 'मी'च्या बाजूला आकडे बदलत होते, खाडाखोड वाढत होती. मला वाटायचं, बाबा बारकाव्यात शिरतायत. गोळा दिसेनासा झाल्यावर त्यांनी जे हातात होतं ते फिरवून बघितलं होतं. फिटर म्हणून इतकी वर्षं त्यांना बिघाड मशीनमध्येच सापडत आला होता.

परळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. भरून येणार नाही. डावा चांगला आहे, तो सांभाळायचा. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "डाव्याचा ह्या सगळा कधी होतला?" डॉक्टर म्हणाले, "होईलच असं नाही." हे उत्तर त्यांना आवडलं नाही. त्यांना तारीख हवी होती.

पुढच्या रविवारी मी पेटी उघडली. रायफल माझ्या मापाला लावलेली होती आणि स्क्रू इतके आवळलेले की माझ्याने हलेनात. पांढऱ्या खुणा नव्हत्या. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने कापूस फिरवून त्यांनी त्या एकेक पुसल्या होत्या. बाबा खिडकीत बसले होते.

रायफल आता फक्त माझी झाली होती. स्क्रू फिरवण्यातला वेळही वाचला होता. वर्षभर मी वेगळ्या शब्दांत हेच मागत होते. मी पेटी बंद केली आणि त्या रविवारी गेले नाही.

रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "डाव्या डोळ्याने मारा."

"ती रायफल उजवी आसा."

"मग डावी करा. तुम्ही म्हणता ना, एक मशीन धड लावता आलं पाहिजे."

हे मी चिडून म्हटलं होतं. पण त्यांनी ते काम म्हणून घेतलं. तीन संध्याकाळी रायफल पुन्हा टेबलावर आली. गालाचा तुकडा उलटा लावून पाहिला. साइट सरकवली. छर्रा भरायचा लीव्हर दुसऱ्या बाजूला नेता येतो का ते बघितलं. लाकडी दांडा उजव्या गालासाठीच कोरलेला होता, त्या खड्ड्यात डावा गाल बसेना. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ह्या होवचा नाय. दुसरी लागतली."

मी ताटं घ्यायला उठले. त्या क्षणी काहीही बोलणं धोक्याचं होतं.

सरांनी शोधून दिली. खोताच्या वाडीत एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ होते, डावखुरे, गुडघ्यांमुळे उभं राहणं बंद झालेलं. आम्ही दोघं गेलो. लाकडी जिन्याखाली त्यांची रायफल पेटीत होती, तेल दिलेली, पुसलेली. त्यांनी विचारलं, "तुमच्यात डावरं कोण?"

"आजपासून मी," बाबा म्हणाले.

त्या गृहस्थांनी बाबांकडे नीट पाहिलं. मग त्यांना खुर्चीत बसवून स्वतःही शेजारी बसले आणि डाव्या बोटाने चाप कसा ओढायचा ते रिकाम्या हाताने दाखवत राहिले. दोघांचा एकेक डोळा मिटलेला. मी चहा संपवला, मग बिस्किटंही संपवली. निघताना बाबांनी त्यांना विचारलं की खांद्याची पट्टी त्यांनी कुठे लावली होती. खूण होती. बाबांनी ती पुसली नाही, तिच्या शेजारी आपली आखली.

डावीकडून त्यांचा नेम वाईट आहे. आता ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि कागदावर सगळे छर्रे लागले तर तो रविवार चांगला गेला असं आम्ही मानतो. खिडकीतली खुर्ची मात्र आता रिकामी असते, तिच्यावर धुतलेले कपडे पडतात.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. उजवा नेमबाज उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला असतं आणि डाव्याचं बरोबर उलट. पहिल्या रविवारी बाबा माझ्या उजव्या हाताच्या जागेवर उभे राहिले, आणि आम्ही दोघं समोरासमोर आलो. त्याआधी आम्ही कधीच एका वेळी मारलं नव्हतं. ते मारायचे तेव्हा मी त्यांच्या मागे बाकावर बसलेली असायचे. नेम धरताना त्यांचा चेहरा कसा होतो हे मला माहीतच नव्हतं. ओठ आत घेतलेले, भुवई वर, जसं कुणी त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगतंय आणि त्यांना ते नीट ऐकायचंय.

मी रायफल खाली केली. त्यांनीही केली.

"काय झाला गो?"

"काही नाही. मारा तुम्ही."

"तू मार आधी. तुझो श्वास हयपर्यंत ऐकाक येता," बाबा म्हणाले. "जरा कमी घे."